ऐकलेले इंग्रजी, वाचलेले इंग्रजी

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेतला चौथा प्रश्न पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उताऱ्याचा असतो. उताऱ्यावरच्या कृतींना 10 गुण आणि त्याच उताऱ्याच्या सारांशाला 5. बाकीचे बरेचसे आधीपासून तयार करून जाता येते: पुस्तकातले उतारे, कवितेचे रसग्रहण, पत्राचा साचा. हा उतारा मात्र परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे मुलाला इंग्रजी वाचून कळते का, याची 80 गुणांमधली खरी कसोटी हीच, असे शिक्षक आणि पालक दोघेही धरून चालतात. या प्रकरणात आपण दोन प्रश्नांच्या मागे जाणार आहोत. या उताऱ्यातून नेमके काय मोजले जाते? आणि इंग्रजी ऐकून कळते का हे आपण जवळपास मोजतच नाही, त्याचा फटका कोणाला बसतो?

फटका बसणाऱ्यांत पहूरसारख्या गावातली मुले पुढे आहेत. जळगावहून अजिंठ्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे, जामनेर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. पूर्वीच्या पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडीचे एक स्टेशन म्हणूनही अनेकांना ते माहीत आहे. या पट्ट्यात तावडी बोली चालते, पश्चिमेकडे सरकले की अहिराणी लागते, अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या तांड्यांवर गोरमाटी. मूल शाळेत येते ते घरची बोली घेऊन. पुस्तकातली प्रमाण मराठी ही त्याची दुसरी भाषा, टीव्ही आणि मोबाइलवरची हिंदी तिसरी, इंग्रजी चौथी. पहिल्या तिन्ही त्याच्या कानावरून आत गेल्या. आधी डोळ्यांना भेटणारी अशी त्याच्या आयुष्यातली पहिलीच भाषा म्हणजे इंग्रजी.

वाचन हा गुणाकार आहे

1986 साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाविषयी एक साधे सूत्र मांडले. अक्षरांवरून शब्द ओळखण्याची क्षमता गुणिले ती भाषा ऐकून समजण्याची क्षमता, म्हणजे वाचून समजणे. या सूत्रातले महत्त्वाचे चिन्ह गुणाकाराचे आहे. बेरजेत एक बाजू शून्य असली तरी दुसरी हाताशी राहते. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तरच शून्य.

मराठी माणसाला हे पटवून द्यायला दूर जावे लागत नाही. चौथी-पाचवीतले मूल रामरक्षा पुस्तकातून न अडखळता वाचते. देवनागरी त्याला येते, जोडाक्षरे येतात, उच्चार स्पष्ट असतात. अर्थ विचारला तर बहुतेक श्लोकांवर ते गप्प राहते, कारण संस्कृत त्याच्या कानाला कळत नाही. सूत्रातली पहिली बाजू शंभर टक्के, दुसरी जवळपास शून्य.

याच्या अगदी उलट उदाहरण जळगाव जिल्ह्यातच आहे. आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. भाषा मात्र त्यांना अशी अवगत होती की शेतात आणि जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओव्या पुढे महाराष्ट्राने डोक्यावर घेतल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्यामुळे त्या कागदावर टिकल्या आणि 1952 साली पुस्तकरूपाने आल्या. ऐकून समजण्याची बाजू भरलेली, अक्षरओळखीची रिकामी. अशा माणसाला कोणी वर्ष-दोन वर्षे अक्षरे शिकवली, तर वाचनाचे दार एकदम उघडते. आतली भाषा आधीपासून तयार असते. प्रौढ साक्षरता वर्गांचा पाया हाच आहे.

आता दहावीच्या वर्गात या. इंग्रजीचा उतारा मोठ्याने वाचणारा विद्यार्थी रामरक्षा वाचणाऱ्या मुलाच्या जवळ असतो की बहिणाबाईंच्या? आपल्याकडे तो बहुधा रामरक्षेच्या बाजूला असतो, आणि तेही अर्ध्यावर, कारण इंग्रजीची अक्षरे देवनागरीइतकी प्रामाणिक नाहीत. देवनागरीत लिहिलेले आणि बोललेले बरेचसे जुळते. इंग्रजीत 26 अक्षरांवर 44 च्या आसपास ध्वनींचा भार आहे. एकच अक्षर पाच ठिकाणी पाच आवाज काढते. शब्द आधी कानावर पडलेला असेल तर डोळा त्या गोंधळातूनही तो ओळखतो. कधीच ऐकला नसेल तर मूल अक्षरे जोडत बसते, आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरते.

'प्रथम' संस्थेचे 'असर' सर्वेक्षण हा फरक नीट पकडते. त्यात मुलाला आधी मोठी अक्षरे, मग छोटी अक्षरे, मग तीन अक्षरी सोपे शब्द आणि शेवटी सोपी वाक्ये वाचायला देतात. वाक्ये वाचली की थांबत नाहीत. त्यांचा अर्थ आपल्या भाषेत सांगायला लावतात. 2022 च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात सोपी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी मुले पाचवीत 24.5 टक्के होती, आठवीत 46.7 टक्के. 2023 साली 14 ते 18 वयोगटाची पाहणी झाली. त्यात 57.3 टक्के मुले वाक्ये वाचू शकली, आणि वाचू शकलेल्यांपैकी 73.5 टक्क्यांना अर्थ सांगता आला. म्हणजे ज्यांना वाचता आले त्यांच्यातही चौथ्या हिश्श्याहून जास्त मुलांनी शब्द उच्चारले, पण वाक्य त्यांच्यापर्यंत पोचले नाही. बोर्डाच्या निकालपत्रात असा वेगळा रकाना नसतो.

न कळताही मिळणारे गुण

रकाना का नसतो, हे समजायला एक प्रयोग करून पाहू. खालचे वाक्य मी मुद्दाम निरर्थक शब्दांचे बनवले आहे:

'द झोरबिक फ्लँड द मार्टी इन द स्निल.'

आता प्रश्न. 'हू फ्लँड द मार्टी?' उत्तर: 'द झोरबिक.' 'व्हेअर डिड द झोरबिक फ्लँ द मार्टी?' उत्तर: 'इन द स्निल.' दोन प्रश्न, दोन बरोबर उत्तरे. झोरबिक हा प्राणी आहे की माणूस, त्याने मार्टीला खाल्ले की ओवाळले, यातले काहीही आपल्याला ठाऊक नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या शेजारचा तुकडा उचलायचा आणि उत्तर म्हणून लिहायचा. क्लासमध्ये आणि गाइडमध्ये हेच तंत्र शिकवले जाते. मुले ते चोख वापरतात.

उताऱ्याखालच्या कृती साधारणपणे ठरलेल्या चढणीने येतात: पहिली साध्या माहितीवर, दुसरी थोड्या गुंतागुंतीच्या माहितीवर, तिसरी शब्दसंपत्तीवर, चौथी व्याकरणावर, पाचवी स्वतःच्या मतावर. पहिल्या दोन-तीन कृतींत शोधून उचलण्याला वाव असतो. चौथी व्याकरणाच्या नियमाने सुटते. पाचवीसाठी कुठेही बसेल असे गुळगुळीत उत्तर पाठ करून ठेवता येते. उतारा खरोखर समजला का, ते उरते सारांशाच्या 5 गुणांत, आणि तिथेही उताऱ्यातली चार वाक्ये उतरवून काढणारा अगदी कोरडा राहत नाही. कृतिपत्रिका काढणाऱ्यांनी घोकंपट्टी मोडायचा मनापासून प्रयत्न केला आहे, हे मान्य करायला हवे. पण लेखी उताऱ्याच्या स्वभावातच ही पळवाट आहे: मजकूर समोर पडलेला असतो, आणि त्यातून उचलायला बंदी नसते.

आता दुसरा नमुना पाहा. जळगावच्या बसस्टँडवर दोघांचे बोलणे चालले आहे, आणि ते आपल्याला फक्त ऐकायचे आहे.

'द बस फॉर पहूर लीव्ज ॲट हाफ पास्ट नाइन, डझन्ट इट?'
'इट यूज्ड टू. नाउ इट लीव्ज फिफ्टीन मिनिट्स अर्लियर.'

प्रश्न: बस किती वाजता सुटते? पर्याय 9, 9.15 आणि 9.30. संभाषणात 'सव्वानऊ' हा शब्दच आलेला नाही. कानावर पडलेला आकडा साडेनऊचा आहे, आणि तो चुकीचा आहे. बरोबर उत्तर देण्यासाठी 'यूज्ड टू' म्हणजे पूर्वी तसे होते हे कळावे लागते, 'अर्लियर' म्हणजे आधी हे कळावे लागते, आणि वजाबाकी मनात करावी लागते. इथे उचलण्यासारखे काही नाही. दोन वाक्यांच्या या छोट्या प्रश्नात भाषा कळण्याची जेवढी परीक्षा होते, तेवढी दहा ओळींच्या उताऱ्यावरच्या माहितीच्या प्रश्नात होईलच असे नाही.

याचा अर्थ वाचनाच्या चाचण्या टाकाऊ आहेत असा नाही. त्या चांगल्या करता येतात, त्यासाठी दोन गोष्टींचे भान लागते. पहिली, शब्दांचे प्रमाण. पॉल नेशन या शब्दसंपत्तीच्या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की कोणाच्याही मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल तर त्यातले 100 पैकी 98 शब्द ओळखीचे असावे लागतात. दीडशे शब्दांच्या उताऱ्यात याचा अर्थ तीन अनोळखी शब्द. ओळखीच्या शब्दांचे प्रमाण 90 टक्क्यांवर आले की तेच पंधरा होतात, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओळीत एक खड्डा. मग मूल वाचत नाही, अंदाज बांधते.

दुसरी गोष्ट, आधीची माहिती. 1988 साली डोना रेच्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुले हे वर्णन आठवून सांगण्यात वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. ठिबक, निंदणी, केळीचा घड आणि व्यापाऱ्याचा भाव यांवरचा इंग्रजी उतारा जळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचे मूल कितीतरी अनोळखी शब्द ओलांडून समजून घेईल. तेच मूल विमानतळावरच्या सामान तपासणीच्या उताऱ्यात अडकते. आपण म्हणतो, त्याचे इंग्रजी कच्चे आहे. मोजले गेले असते ते विमानतळाचे ज्ञान.

कानाला काय अवघड जाते

ऐकणे हे वाचण्यापेक्षा सोपे असते, ही समजूत फक्त आपल्या भाषेपुरती खरी आहे. छापील ओळीत शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोलण्यात ती नसते. 'पुट इट ऑन' हे कानाला 'पुटिटॉन' असे एकसंध येते, 'नॉट ॲट ऑल' हे 'नॉटॅटॉल'. तीनही शब्द वहीत अर्थासकट लिहून घेतलेले मूल हा आवाज ऐकून गोंधळते, कारण असा शब्द त्याच्या वहीत नाही.

त्यात लयीचा फरक. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ देतो. इंग्रजी बोलणारा महत्त्वाच्या शब्दांवर जोर देतो आणि मधले 'टू', 'ऑफ', 'फॉर', 'हॅव' गिळून टाकतो. आपल्या मुलाने हे छोटे शब्द ठसठशीत उच्चारात पाठ केलेले असतात, त्यामुळे ते आले कधी आणि गेले कधी हे त्याला कळत नाही. 'कॅन' आणि 'कान्ट' यांतला फरक शेवटच्या हलक्या 'ट'वर आणि स्वराच्या लांबीवर लटकलेला असतो; तो हुकला की वाक्याचा अर्थ उलटतो. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो, बोलताना फारसे पाळत नाही, म्हणून 'शिप' आणि 'शीप' आपल्याला एकच वाटतात. इंग्रजीतले दोन वेगळे 'व' आपल्या एकाच 'व'मध्ये विरघळतात.

आणि वेळ हाताबाहेर असतो. वाचताना डोळा मागे फिरवता येतो. ऐकताना एक शब्द अडला आणि मन त्याच्याशी झटत बसले, की पुढची दोन वाक्ये निघून जातात. या सगळ्या अडचणींवर उपाय एकच आहे: भरपूर ऐकणे, आणि तेही कळेल असे. व्याकरणाच्या नियमांनी कान तयार होत नाही.

चीन, कोरिया, जपान

शेजारच्या आशियाई देशांनी हा प्रश्न आपल्याआधी हातात घेतला. तिथेही इंग्रजी ही घरची भाषा नाही, वर्ग मोठे आहेत आणि बारावीच्या परीक्षेवर सगळे भवितव्य तोललेले असते.

चीनमधल्या 'गाओकाओ' या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत 750 पैकी 150 गुण परकीय भाषेचे असतात, आणि बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजी घेतात. राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत 30 गुण श्रवणाचे आहेत: 20 प्रश्न, प्रत्येकी दीड गुण, सुमारे 20 मिनिटे. सुरुवातीला पाच छोटी संभाषणे एकदाच ऐकवतात. त्यानंतरची मोठी संभाषणे आणि निवेदने दोनदा. प्रश्न आणि पर्याय आधी वाचायला थोडा वेळ मिळतो. श्रवणानंतरच्या विभागांत उतारे, गाळलेली वाक्ये योग्य जागी बसवणे आणि शब्द गाळलेल्या उताऱ्यात नेमका शब्द निवडणे असे प्रकार येतात. या शेवटच्या प्रकाराची मूळ कल्पना विल्सन टेलर या अमेरिकी अभ्यासकाने 1953 साली मांडली. गाळलेला शब्द शोधायला पुढची-मागची वाक्ये कळावी लागतात, त्यामुळे शोधून उचलण्याची पळवाट इथे बरीच बंद होते.

श्रवण सुरू केले तेव्हा चीनमध्येही ग्रामीण शाळांचा प्रश्न आला. सगळीकडे सारखी यंत्रणा नव्हती. काही प्रांतांत बरीच वर्षे श्रवणाचे गुण एकूण गुणांत धरले जात नव्हते. बीजिंगसारख्या ठिकाणी आता ही चाचणी मुख्य परीक्षेपासून वेगळी काढून संगणकावर घेतात आणि विद्यार्थ्याला वर्षात दोन संधी देतात, चांगले गुण धरतात. एका दिवसाच्या सर्दीवर किंवा बिघडलेल्या स्पीकरवर वर्ष जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

दक्षिण कोरियात प्रवेश परीक्षेतल्या इंग्रजीच्या 45 प्रश्नांपैकी 17 ऐकून सोडवायचे असतात. त्या वेळी देशभरात सुमारे 35 मिनिटे विमानांची उड्डाणे आणि उतरणी थांबवतात, कारण आवाजाने कोणाचा प्रश्न हुकता कामा नये. जपानने 2006 साली प्रवेश परीक्षेत इंग्रजी श्रवण आणले, तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात छोटे ध्वनियंत्र दिले. 2021 पासून तिथे वाचनाला 100 आणि श्रवणाला 100 असे समान गुण आहेत.

या देशांकडून घ्यायचा धडा कौतुकापुरता नाही. चीनमध्ये मुलांच्या इंग्रजीला 'मुके इंग्रजी' म्हणण्याची पद्धत पडली आहे: मुले ऐकतात, वाचतात, गुण मिळवतात आणि बोलायची वेळ आली की थांबतात. बहुतेक प्रांतांत बोलण्याचे गुण एकूण गुणांत धरत नाहीत, आणि जे गुणांत नाही ते वर्गातही मागे पडते. जे मोजले गेले ते वाढले, जे मोजले गेले नाही ते राहिले.

आपले वीस गुण

महाराष्ट्रात मराठी माध्यमात इंग्रजी पूर्वी पाचवीपासून सुरू होई. जून 2000 मध्ये ते पहिलीपासून आले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले मार्च 2010 मध्ये दहावीला बसली. म्हणजे दहा वर्षे इंग्रजी शिकून दहावी देणाऱ्या कित्येक तुकड्या आता बाहेर पडल्या आहेत. पहिलीपासून इंग्रजी आणण्यामागे मुलांच्या कानावर ती भाषा लवकर पडावी, हा हेतू होता. सुरुवातीच्या वर्गांची पुस्तके गाणी, सूचना आणि छोट्या संवादांनी भरलेली आहेत. वरच्या वर्गात मात्र हळूहळू सगळे डोळ्यांकडे आणि पेनाकडे सरकते, कारण शेवटी दहावीला काय विचारतात ते सगळ्यांना ठाऊक असते.

श्रवणाला आपल्याकडे जागा आहे ती 20 गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात, जे शाळाच करते. श्रवण आणि भाषण दोन्ही त्यात येतात. शिक्षक एखादा उतारा वाचून दाखवतात, दोन-चार प्रश्न विचारतात आणि गुण देतात. एका वर्गात साठ-सत्तर मुले, तोंडावर आलेली लेखी परीक्षा आणि शाळेच्या निकालाची काळजी, या सगळ्यात ही चाचणी उरकली जाते आणि बहुतेकांना भरघोस गुण मिळतात. त्यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या गुणांची कोणी पुन्हा तपासणी करत नाही आणि जे कमी दिल्यास फक्त आपल्याच मुलांचे नुकसान होते, ते कोणताही शिक्षक हात राखून देणार नाही.

मार्च 2019 मध्ये या गुणांचे वजन दिसले. त्या वर्षी भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून पूर्ण 100 गुणांची लेखी परीक्षा घेतली गेली. अभ्यासक्रमही नवा होता. दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. राज्यभर चर्चा झाली, आणि पुढच्या वर्षीपासून अंतर्गत 20 गुण परत आले. 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. या साऱ्या वादात गुण ठेवायचे की काढायचे यावर खूप बोलले गेले. त्या गुणांतून मुलाच्या कानाबद्दल काही कळते का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. गुण काढले तेव्हा श्रवण गेले, आणि गुण परत आले तेव्हा श्रवण परत आले असे म्हणता येत नाही.

सीबीएसईने 2012-13 च्या सुमारास नववी आणि अकरावीसाठी श्रवण आणि भाषणाची ठरावीक स्वरूपाची चाचणी आणली होती. ध्वनिमुद्रित मजकूर, सारखे प्रश्न, ठरलेले निकष. म्हणजे भारतात हे जमत नाही असे म्हणायला जागा नाही.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. श्रवण परीक्षेत आणले तर शहरातल्या, इंग्रजी कानावर पडणाऱ्या मुलांचा फायदा होईल आणि पहूर, शेंदुर्णी, वाकोदच्या मुलांचा तोटा, असे म्हणतात. पण गुणाकाराचे सूत्र पुन्हा आठवा. ज्याच्या कानाला इंग्रजी कळत नाही त्याला ते वाचूनही कळणार नाही. तोटा आजही होतोच आहे, तो फक्त वाचनाच्या खात्यात लिहिला जातो. अकरावी विज्ञानाला गेल्यावर तो उघडा पडतो: जीवशास्त्राचे पुस्तक इंग्रजीत, सरांचे शिकवणे अर्धे इंग्रजीत, आणि दहावीला इंग्रजीत ऐंशीच्या पुढे गुण मिळवलेले मूल पहिल्या महिन्यात विषयच सोडायचा विचार करते. शाळेतल्या चाचणीने ही अडचण आधीच सांगितली असती, तर उपाय करायला वेळ होता.

वर्गात घेता येईल अशी चाचणी

बोर्ड बदलेल तेव्हा बदलेल. शाळेला आजही हे करता येते, आणि त्यासाठी एक मोबाइल आणि एक ब्लूटूथ स्पीकर पुरतो.

साधारण सारख्या अवघडपणाचे दोन छोटे उतारे घ्यावेत, ऐंशी-शंभर शब्दांचे, मुलांच्या ओळखीच्या विषयांवरचे: आठवडे बाजार, कापूस वेचणी, एसटीचा प्रवास, अजिंठ्याची सहल. एक उतारा शिक्षकांनी नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने रेकॉर्ड करावा आणि दोनदा ऐकवावा. दुसरा मुलांनी मनात वाचावा. दोन्हींवर पाच-पाच प्रश्न मराठीत विचारावेत आणि उत्तरेही मराठीत घ्यावीत. प्रश्न मराठीत का, याला कारण आहे. इंग्रजी प्रश्न वाचता न आल्यामुळे उत्तर चुकले, तर आपण श्रवण मोजले की वाचन, हे सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट मोजली तरच उत्तर उपयोगाचे. प्रश्न उतारा ऐकवण्याआधी दाखवावेत, म्हणजे स्मरणशक्तीची वेगळी परीक्षा होत नाही. आणि दर पाचांतल्या किमान दोन प्रश्नांचे उत्तर उताऱ्यात जसेच्या तसे नसावे. बसच्या वेळेसारखे असावे.

दोन्ही गुण शेजारी मांडले की वर्गाचे चार गट दिसतात. ऐकून कळते पण वाचून कळत नाही, अशा मुलाला भाषा येते आहे. त्याला अक्षर आणि ध्वनी यांची जोडणी शिकवावी, मोठ्याने वाचायचा सराव द्यावा. हे काम काही महिन्यांचे आहे. वाचून बऱ्यापैकी जमते पण ऐकून नाही, असे मूल शोधून उचलण्याच्या तंत्रावर चाललेले असू शकते, किंवा त्याने शब्द डोळ्यांनी साठवले आहेत आणि कानाने कधी ऐकलेले नाहीत. त्याला रोज दहा मिनिटे ऐकायला हवे. दोन्ही जमत नाही, त्याच्यापुढे गाइड ठेवणे थांबवावे आणि पाचवीच्या पातळीच्या गोष्टींपासून, ऐकत ऐकत, पुन्हा सुरुवात करावी. दोन्ही जमते, त्याला वर्गासाठी रेकॉर्डिंग करायला बसवावे. एका तासाची ही चाचणी शिक्षकाला जेवढे सांगेल तेवढे तीन तासांची सराव परीक्षा सांगत नाही, कारण सराव परीक्षा फक्त एक आकडा देते.

ऐकवण्यासाठी साहित्यही अगदीच नाही असे नाही. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने 'वुई लर्न इंग्लिश' हा ध्वनिकार्यक्रम मराठी माध्यमाच्या मुलांसाठी तयार केला आहे. आकाशवाणीवरूनही तो ऐकवला गेला. त्यातली पात्रे प्रश्न विचारतात आणि वर्गाने उत्तर द्यायचे असते. पाठ्यपुस्तकातले पाठ शिक्षकांनी स्वतःच्या आवाजात वाचून पालकांच्या मोबाइलवर पाठवले, तरी मुलाच्या कानाला आठवड्यातून काही वेळा इंग्रजी मिळते. भुसावळ किंवा जळगाव स्टेशनवरची मराठी, हिंदी आणि इंग्रजी घोषणासुद्धा उत्तम पाठ आहे: तोच मजकूर तीन भाषांत, पाठोपाठ, आणि अर्थ मराठीने आधीच सांगितलेला. उच्चार साहेबी असण्याची गरज नाही. आपल्या शिक्षकाचा स्वच्छ, न अडखळता येणारा आवाज मुलाला सर्वात जास्त कळतो. परक्या लोकांचे बोलणे पुढे, कान तयार झाल्यावर.

परीक्षा बदलली म्हणजे सगळे बदलते का?

1993 साली डायन वॉल आणि चार्ल्स ऑल्डरसन यांनी श्रीलंकेतल्या नव्या इंग्रजी परीक्षेचा वर्गावर काय परिणाम झाला हे तपासले. शिक्षकांनी परीक्षेत येणारे विषय आणि प्रश्नप्रकार तातडीने उचलले, पण शिकवण्याची पद्धत जवळपास तशीच राहिली. आपल्यासाठी ही मोलाची सूचना आहे. उद्या बोर्डाने श्रवणाचे 10 गुण लावले आणि बाकी काही केले नाही, तर बाजारात श्रवणाची गाइडे येतील आणि मुले त्यातली उत्तरे पाठ करतील.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी सहावी-सातवीपासून वर्गात रोज ऐकणे. मग शाळेच्या पातळीवर वर सांगितलेली प्रामाणिक चाचणी, जिचे गुण निकालात धरले जात नाहीत आणि म्हणून खोटे करायची गरज नसते. त्यानंतर बोर्डाने अंतर्गत 20 गुणांतल्या श्रवणासाठी राज्यभर एकच ध्वनिमुद्रण आणि एकच प्रश्नसंच द्यावा. दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुले दहावी देतात. एवढ्यांसाठी एक ध्वनिफीत करणे हे प्रत्येक शाळेने आपापला उतारा शोधण्यापेक्षा स्वस्त आणि न्याय्य आहे. बीजिंगसारख्या दोन संधी द्याव्यात. कर्णबधिर मुलांसाठी वेगळी सोय पहिल्या दिवसापासून असावी. लेखी उताऱ्यात शोधून उचलण्याचे प्रश्न कमी करून शब्द गाळलेल्या उताऱ्याला जागा द्यावी.

हे झाले तर सुरुवातीची दोन-तीन वर्षे पहूरच्या मुलांचे श्रवणाचे गुण कमी येतील. येऊ द्यावेत. तो आकडा खरा असेल, आणि खऱ्या आकड्यावर काम करता येते. घरची बोली, शाळेची मराठी आणि टीव्हीवरची हिंदी अशा तीन भाषा कानाने आत्मसात केलेल्या मुलाला चौथी भाषा कानाने शिकणे अवघड नाही. त्याची आजवरची सगळी भाषा अशीच आलेली आहे. त्याला ती ऐकवायची जबाबदारी शाळेची आणि मोजायची जबाबदारी बोर्डाची. यातली पहिली जबाबदारी उचलायला कोणाच्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.